येतं, जमलं, चालेल का? : ‘कॅन’, ‘कुड’ आणि ‘मे’ मराठीतून समजून घेताना

पाठ्यपुस्तकात आणि गाइडात एक ओळ हमखास असते: कॅन म्हणजे शकणे. मी जाऊ शकतो, ‘आय कॅन गो’. ती गाऊ शकते, ‘शी कॅन सिंग’. ओळ चुकीची नाही. पण आपण दिवसभरात ‘शकतो’ किती वेळा म्हणतो, हे एकदा कान देऊन ऐका. पोहता येतं, म्हणतो. उद्या जमेल, म्हणतो. इथे बसलं तर चालेल का, विचारतो. आत येऊ का, विचारतो. ‘मी आपली काय मदत करू शकते?’ हे वाक्य कॉल सेंटरवरून ऐकू येतं आणि ते इंग्रजीतूनच उचललेलं आहे. वाण्याच्या दुकानात ‘काय देऊ?’ एवढंच असतं.

नवशिक्यांची गाडी नेमकी इथे अडते. डोक्यात ‘मला पोहता येतं’ असं वाक्य तयार होतं, त्यात ‘शकणे’ कुठेच नसतं, मग ‘कॅन’ आठवणार कसं? तोंडून ‘आय नो स्विमिंग’ निघतं. म्हणून आपण उलट दिशेने जाऊ. आपण खरोखर बोलतो ती मराठी वाक्यं घेऊ आणि त्यांच्या जागी इंग्रजीत काय बसतं ते पाहू. आपली मराठी या कामात वाटते त्यापेक्षा बरीच उपयोगी पडते.

मला येतं

एखादी गोष्ट करण्याचं कसब अंगात आहे, हे सांगायला मराठीत ‘-ता येणे’ आहे. पोहता येतं, गाडी चालवता येते, पोळ्या लाटता येतात. या सगळ्याला इंग्रजीत ‘कॅन’. ‘आय कॅन स्विम.’ ‘शी कॅन ड्राइव्ह.’ ‘माय ब्रदर कॅन मेक चपातीज.’ मराठीत ‘मला’, ‘तिला’, ‘भावाला’ असतं; इंग्रजीत तोच माणूस वाक्याचा कर्ता होऊन पुढे उभा राहतो. ‘मी’ नव्हे, ‘मला’ येतं, हे रूप डोक्यातून काढून टाकलं की अर्धं काम होतं.

‘आय नो ड्रायव्हिंग’ भारतात सर्रास चालतं आणि समजतंही. पण बाहेरच्या माणसाला त्यातून गाडी चालवण्याबद्दल माहिती आहे असं वाटतं, गाडी चालवता येते असं वाटतंच असं नाही. नोकरीच्या मुलाखतीत ‘आय कॅन ड्राइव्ह’, ‘आय कॅन यूज एक्सेल’ म्हणावं. युरोपीय परिषदेने 2001 साली भाषाशिक्षणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, ज्यातून ए-वन ते सी-टू या सहा पायऱ्या आल्या, त्यातही प्रत्येक पायरीचं वर्णन ‘कॅन’ने सुरू होतं. शिकणाऱ्याला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येतं, यावर पायरी ठरते.

मराठीत आणखी एक ‘येणे’ आहे: ऐकू येणे, वास येणे. तिथेही इंग्रजीत बहुतेक वेळा ‘कॅन’ लागतं. ‘तुमचा आवाज येतोय’ म्हणजे ‘आय कॅन हिअर यू’. ‘गॅसचा वास येतोय’ म्हणजे ‘आय कॅन स्मेल गॅस’. ‘मला फळा दिसत नाही’ म्हणजे ‘आय कान्ट सी द बोर्ड’. ‘येतोय’ पाहून ‘आय अ‍ॅम हिअरिंग यू’ करायचा मोह होतो, तो टाळावा. ऑनलाइन मीटिंगमध्ये आपल्याकडे ‘अ‍ॅम आय ऑडिबल?’ विचारण्याची रीत पडली आहे. व्याकरणाला ते चालतं, पण साध्या बोलण्यात ‘कॅन यू हिअर मी?’ पुरतं, आणि जगभर तेच विचारतात.

आता नियम. ‘कॅन’नंतर क्रियापद मुळातल्या रूपात येतं, काहीही न जोडता. ‘शी कॅन गो’. ‘कॅन गोज’ नाही, ‘कॅन टू गो’ नाही, ‘कॅन वेंट’ नाही. प्रश्न विचारायला ‘डू’ची गरज नाही, ‘कॅन’ पुढे आणायचं: ‘कॅन शी स्विम?’ उत्तर, ‘येस, शी कॅन.’ नकारात ‘कॅनॉट’, जे एकच शब्द म्हणून लिहितात, किंवा बोलताना ‘कान्ट’.

आणि ‘शी’ असो की ‘ही’, ‘कॅन’ला ‘एस’ लागत नाही. ‘शी स्विम्स’ला लागतो मग ‘शी कॅन’ला का नाही, हा प्रश्न वर्गात कोणीतरी विचारतंच आणि ‘नियमच आहे’ असं उत्तर मिळतं. खरं उत्तर जास्त मजेचं आहे. ‘कॅन’चा मूळ अर्थ ‘जाणणे’. आपलं ‘जाणणे’, संस्कृतातलं ‘ज्ञा’, इंग्रजीतलं ‘नो’ आणि हे ‘कॅन’ सगळे एकाच प्राचीन मुळाचे वंशज आहेत. त्या जुन्या भाषेत ‘कॅन’चं रूप घडणीने भूतकाळाचं होतं, अर्थ मात्र वर्तमानाचा: जाणून घेतलं, म्हणजे आता जाणतो. हे आपल्याला परकं नाही. ‘कळलं का?’ ‘हो, कळलं.’ रूप भूतकाळाचं, अर्थ आत्ताचा. इंग्रजी भूतकाळाला ‘एस’ कधी लागत नाही, ‘ही वेंट’चं ‘वेंट्स’ होत नाही, म्हणून ‘कॅन’लाही तो चिकटला नाही. ‘मे’चंही तसंच आहे.

एक चूक महाराष्ट्रातच नाही तर देशभर ऐकू येते: ‘आय कॅन एबल टू डू’. ‘कॅन’ आणि ‘एबल टू’ एकच काम करतात. एक घ्या, दुसरं सोडा. ‘आय कॅन डू इट’ किंवा ‘आय अ‍ॅम एबल टू डू इट’. वर्तमानकाळात पहिलं छोटं आणि सरळ आहे, तेच बरं.

यायचं आणि आलं

भूतकाळात खरी गुंतागुंत सुरू होते, आणि इथेच मराठी माणसाच्या हाताशी फार चांगलं साधन आहे. ते सहसा कोणी दाखवत नाही.

पुस्तक सांगतं, ‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’. मग विद्यार्थी लिहितो: ‘यस्टर्डे आय कुड कॅच द लास्ट ट्रेन.’ काल मला शेवटची गाडी पकडता आली. शिक्षक त्यावर लाल रेघ मारतात. विद्यार्थी चक्रावतो, कारण ‘व्हेन आय वॉज अ चाइल्ड, आय कुड क्लाइंब ट्रीज’ हे वाक्य बरोबर होतं. दोन्हींत भूतकाळ, दोन्हींत करता येणं. मग फरक काय?

ही दोन वाक्यं मराठीत म्हणून पाहा. लहानपणी मला झाडावर चढता यायचं. काल मला शेवटची गाडी पकडता आली. एकीकडे ‘यायचं’, एकीकडे ‘आली’. ‘यायचं’ म्हणजे त्या काळात ते कसब अंगात होतं, केव्हाही चढलो असतो. ‘आली’ म्हणजे एका ठरावीक वेळी ती गोष्ट प्रत्यक्ष घडली. ही सीमारेषा इंग्रजीतही जवळजवळ तिथेच आहे. ‘यायचं’ला ‘कुड’. ‘आलं’ला ‘वॉज एबल टू’.

‘माझ्या आजोबांना मोडी वाचता यायची’: ‘माय ग्रँडफादर कुड रीड मोडी.’ ‘पंधरा मिनिटं खटपट केल्यावर मला ती सही वाचता आली’: ‘आफ्टर फिफ्टीन मिनिट्स आय वॉज एबल टू रीड द सिग्नेचर.’ आणि ज्या ठिकाणी आपण ‘जमलं एकदाचं’ म्हणतो, जिथे धडपड झाली आणि मग यश आलं, तिथे ‘मॅनेज्ड टू’ अगदी चपखल बसतं: ‘आय मॅनेज्ड टू रीड इट.’ हा फरक मराठी बोलणाऱ्याला शिकवावा लागत नाही. तो आधीच आपल्या जिभेवर असतो. फक्त दुवा जोडून द्यावा लागतो.

नकारात मात्र इंग्रजी हा भेद सोडून देते. ‘मला पोहता यायचं नाही’ आणि ‘काल मला येता आलं नाही’, दोन्हीला ‘कुडन्ट’ चालतं. ‘आय कुडन्ट स्विम.’ ‘आय कुडन्ट कम यस्टर्डे.’ कारण शोधलं तर सोपं आहे: घडलंच नाही, तर ते एकदा घडलं की नेहमी घडायचं, हा प्रश्नच उरत नाही. तेव्हा नकारात डोळे मिटून ‘कुडन्ट’ म्हणा.

दिसणे, ऐकू येणे, वास येणे या मंडळींचा भूतकाळात थोडा वेगळा हिशेब आहे. ‘रात्रभर पावसाचा आवाज येत होता’ याला ‘आय कुड हिअर द रेन ऑल नाइट’, जरी ती एकाच रात्रीची गोष्ट असली तरी. पण ‘अचानक मोठा आवाज आला’ याला नुसतं ‘आय हर्ड अ लाउड नॉइज’. म्हणजे ‘येत होता’ला ‘कुड’, ‘आला’ला साधा भूतकाळ. इथेही आपलं क्रियापद ज्या रूपात आहे तेच वाट दाखवतं.

‘कुड’मधला ‘एल’ आपण उच्चारत नाही, तो तिथे आला कसा हेही सांगून टाकतो. ‘शुड’ आणि ‘वुड’ यांच्यात ‘एल’ मुळापासून होता, कारण ते ‘शॅल’ आणि ‘विल’ यांची रूपं आहेत. पुढे तो बोलण्यातून गळाला, लिहिण्यात राहिला. ‘कुड’मध्ये मात्र ‘एल’ कधीच नव्हता. त्या दोघांच्या देखादेखी तो स्पेलिंगमध्ये शिरला आणि बसला.

जमेल

भविष्यकाळ लवकर आटपतो. ‘कॅन’ला ‘विल’ जोडता येत नाही, ‘विल कॅन’ असं काही नसतं. तिथे ‘एबल टू’ कामाला येतं. पण प्रत्येक ‘उद्या’ला ते लागत नाही. ‘उद्या मला जमेल’, म्हणजे उद्या मोकळा आहे, येतो: ‘आय कॅन कम टुमॉरो.’ हे आत्ताच ठरवून सांगितलेलं आहे. ‘पुढच्या महिन्यापर्यंत तिला गाडी चालवता येईल’, म्हणजे आज येत नाही, शिकल्यावर येईल: ‘शी विल बी एबल टू ड्राइव्ह बाय नेक्स्ट मंथ.’ कसब अजून अंगी यायचं असेल तर ‘विल बी एबल टू’. आणि ‘मला जमणार नाही’ असं नम्रपणे कळवायचं असेल तर ‘आय वोन्ट बी एबल टू कम’ हे ‘आय कान्ट कम’पेक्षा मऊ वाटतं.

येऊ का? बसलं तर चालेल का?

आता परवानगी. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि पोरांच्या तोंडी बसणाऱ्या पहिल्या काही वाक्यांत ‘मे आय कम इन?’ असतं. खरं तर ते वाक्य म्हणून बसतच नाही, ‘मेआयकमिन’ असा एक सलग मंत्र म्हणून बसतं. पुढे मोठेपणी साहेबाच्या दारात तेच म्हटलं जातं. त्यात काही चूक नाही, फक्त ते औपचारिक आहे. अडचण ही की त्या मंत्राचे तुकडे करून दुसरीकडे वापरायला कोणी शिकवत नाही.

मराठीत परवानगी मागायला ‘-ऊ का’ पुरतो. येऊ का, बसू का, फोन वापरू का. जरा जास्त अदब हवी तर ‘बसलं तर चालेल का?’ इंग्रजीत त्यासाठी तीन दारं आहेत. मित्राला, घरच्यांना, बरोबरीच्या सहकाऱ्याला: ‘कॅन आय सिट हिअर?’ अनोळखी माणसाला, दुकानात, वरिष्ठांना: ‘कुड आय सिट हिअर?’ आणि अगदी औपचारिक प्रसंगी ‘मे आय’. ‘परवानगीला फक्त मे, कॅन वापरलं की चूक’ असं काही शिक्षक अजून बजावतात. तो जुना दंडक आहे. आज इंग्लंड-अमेरिकेत रोजच्या बोलण्यात परवानगी बहुतेक ‘कॅन’नेच मागतात. गंमत म्हणजे ‘मे’चाही मूळ अर्थ परवानगी नव्हता, सामर्थ्य हाच होता, ‘माइट’ या नामाचा अर्थ आजही बळ असाच आहे. म्हणजे कुवतीवरून परवानगीकडे सरकण्याची जी वाट ‘कॅन’ने धरली, तीच ‘मे’ने आधी धरली होती.

‘कुड’ तर भूतकाळ ना, मग आत्ताच्या विनंतीत कशाला? याचं उत्तर आपल्या बोलण्यातच आहे. ‘सर, जरा बोलायचं होतं.’ बोलायचं आत्ता आहे, म्हणतो ‘होतं’. क्रियापद एक पाऊल मागे घेतलं की मागणी अंगावर येत नाही. ‘कुड आय’मधला ‘कुड’ तसाच, काळाशी त्याचा संबंध नाही.

म्हणूनच उत्तर देताना ‘कुड’ परत येत नाही. ‘कुड आय यूज युअर फोन?’ याला ‘येस, यू कुड’ म्हणायचं नसतं. ‘येस, यू कॅन’, किंवा त्याहून सहज ‘शुअर’, ‘ऑफ कोर्स’, ‘गो अहेड’. देणाऱ्याने अदबीने मागे सरायची गरज नसते. ‘येस, यू मे’ व्याकरणात बसतं, पण ते वर्गातल्या बाईंच्या तोंडी शोभतं. शेजाऱ्याला असं म्हटलं तर आपण त्याचे हेडमास्तर झालो असं वाटेल. नकार द्यायचा तर ‘नो, यू कान्ट’ फार तोडून टाकणारं होतं. ‘सॉरी, आय नीड इट राइट नाऊ’ असं कारण सांगून मोकळं व्हावं.

आता एक सापळा, ज्यात चांगले शिकलेलेही अडकतात. ‘मे’ नम्र आहे हे डोक्यात पक्कं असल्यामुळे ई-मेलमध्ये ‘मे यू प्लीज सेंड द फाइल?’ लिहिलं जातं. हे चालत नाही. परवानगी मी माझ्यासाठी मागतो, म्हणून ‘मे आय’. दुसऱ्याला काम सांगायचं तर ‘कॅन यू’ किंवा ‘कुड यू’. ‘मे यू’ने सुरू होणारं वाक्य इंग्रजीत आशीर्वाद असतो, ‘मे यू लिव्ह लाँग’, आयुष्मान भव. फाइल मागताना आशीर्वाद नको.

‘-ऊ का’चा आणखी एक पदर सांभाळायला हवा. ‘मी जाऊ का?’ ही परवानगी आहे. ‘चहा टाकू का?’ ही परवानगी नाही, ते विचारणं आहे, आपण होऊन काही करायची तयारी आहे. पहिल्याला ‘कॅन आय गो?’, दुसऱ्याला ‘शॅल आय मेक सम टी?’ पाहुण्याला ‘मे आय मेक टी?’ विचारलं तर स्वयंपाकघर त्यांचं आणि आपण आलेले, असा उलटा प्रकार होईल.

दिलेली परवानगी सांगतानाही भूतकाळात तोच ‘यायचं’ आणि ‘आलं’चा भेद डोकं वर काढतो. ‘कॉलेजात असताना आम्हाला दहापर्यंत बाहेर राहता यायचं’, हा कायमचा नियम: ‘वी कुड स्टे आउट टिल टेन.’ ‘काल रेक्टरांनी आम्हाला अकरापर्यंत बाहेर राहू दिलं’, ही एकदाची सवलत; इथे ‘कुड’ नाही. ‘यस्टर्डे वी वर अलाउड टू स्टे आउट टिल इलेव्हन.’ किंवा रेक्टरांनाच कर्ता करून ‘द रेक्टर लेट अस स्टे आउट’. आपलं ‘-ऊ देणे’ आणि इंग्रजीतलं ‘लेट’ ही जोडी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘मला जाऊ द्या’, ‘लेट मी गो’.

‘मे नॉट’ वाचताना सावध असावं. नियमावलीत ‘कँडिडेट्स मे नॉट लीव्ह द हॉल’ लिहिलं असेल तर ती सक्त मनाई आहे. पण ‘ही मे नॉट कम टुडे’ म्हणजे तो आज कदाचित येणार नाही. पहिल्यात परवानगीचा नकार, दुसऱ्यात शक्यता. बोलताना मनाई करायची असेल तर ‘यू कान्ट पार्क हिअर’ म्हणावं, गोंधळ होत नाही.

ऐकताना होणारा घोटाळा

लिहिताना ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांच्यातला फरक डोळ्यांना दिसतो. कानांचं तसं नाही. ब्रिटिश उच्चारात ‘कान्ट’मधला ‘आ’ लांब असतो, म्हणून ते वेगळं कळतं. अमेरिकन माणूस ‘कॅन्ट’ म्हणतो आणि शेवटचा ‘ट’ बहुतेक गिळतो. मग त्याला ‘येतो’ म्हणायचंय की ‘येत नाही’, ते ओळखायचं कसं? जोर ऐकायचा. होकारी वाक्यात ‘कॅन’ अगदी दबून, ‘क्न’सारखा निघतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर पडतो: ‘आय क्न कम’. नकारात जोर ‘कॅन्ट’वरही पडतो. आपण मराठी वळणाने प्रत्येक शब्द ठसठशीत उच्चारतो, ‘आय कॅन कम’ म्हणताना ‘कॅन’ ठासून म्हणतो, आणि फोनवरच्या अमेरिकन माणसाला ते ‘कॅन्ट’ वाटू शकतं. होकार देताना ‘कॅन’ पटकन उरकून टाका. त्यावर जोर द्यायचा तो फक्त छोट्या उत्तरात: ‘येस, आय कॅन.’

सरावाला काही वाक्यं, आधी स्वतः करून पाहा. आजीला अजून चष्म्याशिवाय सुई ओवता येते. शाळेत असताना आम्हाला मोबाइल आणता यायचा नाही. खूप वेळाने शेवटी कुलूप उघडता आलं. काका, तुमचं पेन घेऊ का जरा? काल रात्री आईने मला मॅच बघू दिली.

पहिलं, ‘माय ग्रँडमदर कॅन स्टिल थ्रेड अ नीडल विदाउट ग्लासेस.’ दुसरं, ‘वी कुडन्ट ब्रिंग मोबाइल्स टू स्कूल.’ तिसऱ्यात ‘उघडता आलं’ आहे, म्हणून ‘आफ्टर अ लाँग टाइम आय वॉज एबल टू ओपन द लॉक’. ‘मॅनेज्ड टू’ तर आणखी छान. चौथ्यात काका ओळखीचे असतील तर ‘कॅन आय’, बँकेच्या रांगेतले अनोळखी असतील तर ‘कुड आय बॉरो युअर पेन?’ पाचव्यात ‘माय मदर लेट मी वॉच द मॅच लास्ट नाइट’. ‘अलाउड मी टू वॉच’ही चालेल, फक्त ‘लेट’नंतर ‘टू’ येत नाही आणि ‘अलाउड’नंतर तो सोडता येत नाही.